नवीन समुद्रफूल टाकीत आक्रसून बसले आहे, काय करावे?

मांडवीकर

नमस्कार. रत्नागिरीत माझ्या घरी सुमारे २०० लिटर पाण्याची सागरी टाकी गेले पाच महिने चालू असून तीत क्लाउनफिशची (समुद्रफुलात आसरा घेणाऱ्या माशांची) एक जोडी आणि काही जिवंत खडक (उपयुक्त जिवाणूंची वस्ती असलेले समुद्रातले खडक) आहेत. गेल्या शनिवारी मुंबईहून एक समुद्रफूल (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा सागरी प्राणी) विकत आणले. लांबट पांढरीशुभ्र शुंडके (मुखाभोवतीची बोटांसारखी अंगे) आणि त्यांची जांभळी टोके असे त्याचे रूप होते, आणि हा रंग सहसा मिळत नाही असे सांगून दुकानदाराने पैसेही बरेच जास्त घेतले. रेल्वेच्या प्रवासात पिशवी थर्माकोलच्या डब्यात होती. घरी आल्यावर ती वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवली आणि मग समुद्रफूल सर्वांत वरच्या खडकावर, दिव्याच्या बरोबर खाली ठेवले. सकाळी पाहतो तर ते तेथून उतरून खडकामागे गेलेले होते. आता दिवसातून दोन-तीनदा ते मुठीएवढे होते, त्याचे मुख किंचित उघडे दिसते आणि काल त्याने तपकिरी तंतूंसारखे काहीतरी बाहेर टाकले.

लहानपणापासून भगवती बंदराच्या खडकांत ओहोटीच्या वेळी समुद्रफुले पाहत आलो आहे. ती मे महिन्याचे ऊन सोसतात आणि पहिल्या पावसाचे गोडे पाणीही सोसतात, म्हणून हा जीव काटक असेल अशी माझी समजूत होती. त्याला पुन्हा वर ठेवावे का, खायला द्यावे का, आणि दिवा किती वेळ लावावा, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

देवगडचा तांडेल

मांडवीकर, सर्वांत आधी हात आवरा. समुद्रफुलाला आपण जागा नेमून द्यायची नसते, ती ते स्वतः शोधते. त्याला उचलताना तळाची चकती फाटली तर ती जखम सडते आणि मग फारसे काही करता येत नाही. आज रात्रीच्या आत पंपाच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी मात्र अवश्य बसवा, कारण फिरस्तीवर निघालेले समुद्रफूल पंपात ओढले गेले की त्याचा चोथा होतो आणि त्याबरोबर सगळी टाकी नासते. माझ्याकडे एकदा असे झालेले आहे; पुढचे दोन दिवस केवळ पाणी बदलण्यात गेले.

आपली चूक त्या वीस मिनिटांत झाली. तेवढ्या वेळात तापमान जुळते, क्षारता (पाण्यातल्या मिठाचे प्रमाण) जुळत नाही. पिशवीतले पाणी बादलीत घेऊन बारीक नळीने त्यात टाकीचे पाणी थेंब थेंब सोडायला हवे होते. मी चांगले चार तास सोडतो.

ओहोटी

तांडेलकाकांच्या बहुतेक सूचनांशी मी सहमत आहे, पण चार तासांविषयी मत वेगळे आहे. लांबच्या प्रवासात बंद पिशवीत अमोनिया साठतो, परंतु त्याच पाण्यात कार्बन डायऑक्साइडही साठून पीएच (पाणी किती आम्ल आहे ते दाखवणारा आकडा; आम्लता वाढली की तो उतरतो) खाली आलेला असल्यामुळे तो अमोनिया बराचसा निरुपद्रवी स्वरूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा पाण्यात जीवाला चार तास बसवून ठेवणे हिताचे नाही. प्रवास सात-आठ तासांचा असेल तर सेकंदाला दोन-तीन थेंब या गतीने तासा-दीड तासात पाणी तिप्पट करावे, आणि नंतर ते पाणी टाकीत न ओतता फक्त समुद्रफूल आत घ्यावे.

आता मूळ गोष्ट. वर्णनावरून हे हेटेरॅक्टिस क्रिस्पा असावे, ज्याला बाजारात सेबी म्हणतात. त्याचा निरोगी रंग बदामी किंवा तपकिरी असतो, कारण त्याच्या पेशींत झूझॅन्थेली नावाची सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशापासून तयार केलेल्या अन्नाचा वाटा त्याला देतात. पांढरेशुभ्र सेबी म्हणजे ही शैवाले गमावलेला, उपाशी जीव. दुर्मिळ रंग म्हणून आपल्याकडून पैसे घेतले गेले ते दुखण्याचे. ते वरून खाली का आले याचेही उत्तर येथेच आहे. ही जात खडकाच्या माथ्यावर बसत नाही, ती आपला पाय (तळाची चकती) वाळूत खोल रोवते. त्यातच रंग गेलेल्या समुद्रफुलाला एकदम प्रखर प्रकाश सोसत नाही.

भगवती बंदराच्या खडकांतली समुद्रफुले भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली आहेत, आणि दिवसातून दोनदा पाणी ओसरणे हेच त्यांचे जगणे आहे. क्रिस्पा प्रवाळांच्या परिसरातले आहे, जेथे तापमान आणि क्षारता त्या मानाने फार कमी बदलते. समुद्रफुलाला अंगातले क्षार सांभाळण्याची स्वतंत्र सोय नसते. बाहेरचे पाणी जसे असेल तसे आतले होत जाते, आणि हा बदल घाईने झाला की पेशींना तो झेपत नाही. (माशांवर औषध म्हणून तांबेयुक्त द्रव टाकीत कधी घातला असल्यास तेही सांगा, समुद्रफुलाला तो मारक असतो.)

कृपया क्षारता, तापमान, अमोनिया, नायट्रेट आणि वाळूच्या थराची उंची कळवा. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरने (पाण्यात प्रकाश किती वाकतो यावरून क्षारता मोजणाऱ्या उपकरणाने) मोजलेली असावी.

मांडवीकर

तांब्याचे औषध कधीच घातलेले नाही. माझ्या काट्याच्या हायड्रोमीटरवर (घनतेवरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणावर) घनता १.०२५ दिसत होती. आज एका मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणून पाहिले तर ती १.०२९ निघाली. तापमान दुपारी ३०.५ अंश, अमोनिया शून्य, नायट्रेट २० आणि वाळू जेमतेम दीड इंच. पाणी भाट्याच्या किनाऱ्यावरून कॅनमध्ये आणतो, आणि टाकीतली पातळी उतरली की तेच घालतो.

ओहोटी

दुखणे त्या शेवटच्या वाक्यात आहे. वाफ होऊन जाते ते गोडे पाणी, मीठ मागेच राहते. त्या जागी पुन्हा खारे पाणी घातले की दर आठवड्याला टाकी अधिक खारट होत जाते. काट्यावर मिठाचा थर बसला की काटा जड होऊन आकडा कमी दाखवतो, म्हणून हे आपल्या लक्षात आले नाही. दुकानांत खर्च वाचवण्यासाठी घनता पुष्कळदा १.०२०-१.०२२ इतकी कमी ठेवतात. आपल्या समुद्रफुलाने ही सगळी उडी एका क्षणात मारलेली असणार.

आता घाईने उलटी उडी मारायला लावू नका. २०० लिटर पाण्याची घनता १.०२९ वरून १.०२६ च्या आसपास आणण्यासाठी सुमारे १८ लिटर पाणी काढून तेवढेच आरओचे गोडे पाणी घालावे लागेल. ते रोज तीन लिटर याप्रमाणे सहा दिवसांत करा. वाफेने उतरणारी पातळी यापुढे रोज गोड्या पाण्यानेच भरा.

तापमान २६-२७ अंशांपर्यंत यायला हवे. पृष्ठभागावर पंखा सोडण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, पण आपल्याकडच्या दमट हवेत वाफ कमी होत असल्याने त्याने दीड-दोन अंशांपेक्षा फार गारवा मिळत नाही. मे महिना भागवायचा असेल तर चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) घ्यावा किंवा टाकी वातानुकूलित खोलीत हलवावी. बर्फाच्या बाटल्यांनी तापमान खालीवर होते, ते टाळा.

दिवा निम्म्या तीव्रतेवर सहा तास ठेवून तीन-चार आठवड्यांत वाढवत न्या. खडकामागच्या त्याच कोपऱ्यात धुतलेली वाळू पाइपने अलगद सोडून थर किमान चार इंच करा. वाळू त्याच्या अंगावर पडू देऊ नका.

भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते, त्यामुळे तेथले पाणी एरवीही भरवशाचे नाही. पाणी आणायचेच असेल तर खाडीच्या मुखापासून दूर, उधाणाच्या भरतीला, आणि पावसाळ्याच्या आधी आणावे. जूनपासून मात्र विकतचे सागरी मीठ आरओच्या पाण्यात कालवणे हाच मार्ग आहे.

देवगडचा तांडेल

ओहोटी यांचे अमोनियाविषयीचे म्हणणे मला पटले. माझा प्रवास नेहमी जवळच्या दुकानापर्यंत असल्यामुळे चार तास खपून गेले असावेत.

खाण्याविषयी एवढेच सांगतो की पहिला आठवडा काही देऊ नका. नंतर शुंडके चिकट लागू लागली की बिनमिठाच्या ताज्या कोलंबीचा वाटाण्याहून लहान तुकडा चिमट्याने, आठवड्यातून दोनदा द्यावा. मोठा तुकडा ते गिळते आणि रात्री ओकून टाकते. रंग गेलेल्याला शैवालाचे अन्न मिळत नसल्याने हा घास आवश्यक आहे.

दिवसातून एक-दोनदा आक्रसणे आणि तपकिरी मळ टाकणे यात घाबरण्यासारखे नाही, ते आतले पाणी आणि मळ असे बाहेर टाकते. पण मुख सताड उघडे राहिले, अंग झिरझिरीत होऊन सुटू लागले आणि कुजका वास आला तर हातमोजे घालून तत्काळ बाहेर काढा, सकाळची वाट पाहू नका. आणि वळवाचा पाऊस आला की वीज जाणारच, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप आजच आणून ठेवा.

मांडवीकर

सर्वांचे आभार. आज १९ दिवस झाले. घनता १.०२६ वर स्थिर आहे आणि टाकी आतल्या खोलीत हलवल्यापासून तापमान २७ अंशांच्या वर गेलेले नाही. हलवताना समुद्रफूल ज्या खडकाला टेकले होते त्या खडकासकट पाण्यातच ठेवले. आठव्या दिवशी त्याने पाय वाळूत रोवला आणि मुख मिटले. काल कोलंबीचा चौथा तुकडा घेतला. शुंडकांच्या बुडाशी फिकट बदामी छटा दिसते असे मला वाटते, घरच्यांना ती अजून दिसत नाही. क्लाउनफिशची जोडी मात्र त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही आणि रात्री फिल्टरच्या नळीपाशीच झोपते.

ओहोटी

ते सध्या चांगलेच आहे. अशक्त समुद्रफुलात मासे सारखे घुसत राहिले तर ते उमलत नाही. छटा खरी आहे का हे पाहायचे असेल तर रोज त्याच वेळी, त्याच प्रकाशात एक छायाचित्र काढून ठेवा.