एकच गोळी दिली तरी आईला रात्रभर कळा, काय चुकलं?

मृणाल_नाशिक:
आई ६८ वर्षांची. तीन आठवड्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून पोट साफ नाही. चार-चार दिवस खडा. जोर काढला की गुडघाही ठणकतो. मेडिकलमधून बिसाकोडिल ५ मिलिग्रॅम आणली. परवा रात्री एक दिली, तर दोन वाजता कळा, मळमळ, घाम. पहाटे झालं एकदाचं, पण आता ती गोळीकडे बघतही नाही. "विष आणलंस" म्हणते.

अण्णा_६३:
गोळ्या-बिळ्या कशाला? चमचाभर चूर्ण द्या कोमट पाण्यातून. आयुर्वेदिक, साइड इफेक्ट शून्य. मी १२ वर्षं रोज घेतोय. एक दिवस चुकलं तर होतच नाही, इतकं गुणकारी!

काउंटरवाली:
२० वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे, म्हणून आधी एकच विचारते. मृणाल, गोळी कशाबरोबर दिलीस?

मृणाल_नाशिक:
हळदीच्या दुधाबरोबर. रोज रात्रीचं असतं तिचं.

काउंटरवाली:
तिथेच घोळ झाला असणार. या गोळीचं कोटिंग आतड्यात सुटावं म्हणून दिलेलं असतं. दुधाने किंवा ॲसिडिटीच्या औषधाने ते जठरातच सुटतं आणि औषध तिथे झोंबतं. दूध आणि गोळीत निदान एक तास ठेव. चावायची नाही, अर्धी करायची नाही, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. काम करायला ६ ते १२ तास लागतात, तेव्हा मध्येच "अजून झालं नाही" म्हणून दुसरी देऊ नकोस. आठवड्याच्या वर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि पोट फुगून वारा सरत नसेल, उलट्या होत असतील किंवा रक्त पडत असेल तर कसलंच जुलाबाचं औषध नको, थेट दवाखाना.

खरं तर मला तिच्या बाकीच्या पट्ट्या बघायच्यात. दुखण्याची ट्रामाडॉल गोळी आहे? लोह, कॅल्शियम? ट्रामाडॉल आतडी सुस्त करतं. तिथे नुसतं इसबगोल पुरत नाही, पाणी कमी पडलं तर उलट घट्ट बसतं.

अण्णा, डबी उलटी करून वाचा. सोनामुखी असेल तर तीही याच जातीची, आतड्याला चाबूक मारणारी. एक दिवस चुकलं की होत नाही, ही तारीफ नव्हे, तक्रार झाली. बीपीसाठी लघवीची गोळी चालू आहे का? मग दोन्ही मिळून रक्तातलं पोटॅशियम घटू शकतं, तपासून घ्या.

अण्णा_६३:
चष्मा लावून वाचलं. सोनामुखी दुसऱ्याच नंबरला आहे. लघवीची गोळीही चालू आहे. उद्या रक्त देतो.

मृणाल_नाशिक:
ट्रामाडॉल निघालं, दिवसातून दोनदा! सर्जनना फोन केला, त्यांनी दुखण्याची गोळी बदलून दिली. दूध आता सातला, बिसाकोडिल लागलीच तर दहाला. आई म्हणते, "सातला दूध प्यायला मी काय कुक्कुलं बाळ आहे?"