डोक्याच्या दुखापतीनंतर मुलीला तिची 'पहिली आई' हवी आहे

सांजसावली:
अपघाताला तीन वर्षं होत आली. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला होता. चालणं-बोलणं परत आलं, त्यामुळे भेटेल तो म्हणतो, "अगं, तू तर ठणठणीत दिसतेस!" पण हिशेब तपासायची नोकरी सुटली. दोन माणसं एकदम बोलायला लागली की मला एकाचंही कळत नाही, उठून दुसऱ्या खोलीत जावं लागतं. वास येणं पार बंद झालं. दुपारनंतर डोकं चालत नाही.

हे सगळं मी पचवलं. मुलीचं पचत नाही. ती चौदा वर्षांची आहे. परवा वक्तृत्वाचं बक्षीस घेऊन आली. मला आतून इतका आनंद झाला! पण माझा चेहरा म्हणे कोराच होता. "पूर्वी तू मला मिठीच मारली असतीस. मला ती आई हवी," म्हणाली आणि दार लावून घेतलं. ती आई मलाही आठवते. पण तिच्यासारखं वागायला गेले की नाटक केल्यासारखं होतं, आणि ते मुलीला लगेच कळतं. तिला काय सांगू? थांब म्हणू, की ती आता येणार नाही म्हणू?

पाऊलवाट:
ताई, मी तुमच्या मुलीच्या जागी आहे. माझ्या नवऱ्याला अशीच दुखापत झाली. माणूस समोर बसलेला असताना त्याच्यासाठी रडायचं कसं, हेच कळत नव्हतं. लोक म्हणायचे, जीव वाचला ना, मग झालं! पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी अशा दुःखाला 'ॲम्बिग्युअस लॉस' म्हटलंय. माणूस आहे, पण पूर्वीचा नाही. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा मोकळं रडता आलं. मुलीला सांगा, पहिल्या आईसाठी तू रडलीस तर मला राग येणार नाही. आणि नातेवाईक जुने व्हिडिओ लावून "आठवतंय का?" विचारत असतील तर ते आधी बंद करा. आमच्याकडे त्या प्रकाराने हे दिवसभर गप्प व्हायचे.

रानजाई:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजार-दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करते. भावना वाटणं आणि ती चेहऱ्यावर, आवाजात उमटणं या मेंदूच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या भागाच्या दुखापतीत पहिली शाबूत राहून दुसरी मंदावू शकते. मुलीला हे स्पष्ट सांगा, नाहीतर ती 'आईला माझं काही वाटत नाही' असा अर्थ काढेल. चेहरा साथ देत नसेल तर शब्दांत सांगा: "मला खूप आनंद झालाय." सुरुवातीला कृत्रिम वाटेल, तरी सांगा.

'थांब' की 'येणार नाही'? सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पुढे वेग कमी होतो, पण नवीन सवयी लागणं थांबत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसलेल्या फिनिअस गेज या अमेरिकी रेल्वे कामगाराची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. 1848 साली लोखंडी सळई त्याच्या कवटीतून आरपार गेली, आणि 'हा पूर्वीचा गेज नाही' असं त्याचे ओळखीचे म्हणू लागले. पुढे त्याने चिलीमध्ये अनेक वर्षं घोडागाडी हाकली, हे कोणी सांगत नाही. रोजचं ठरलेलं काम त्याला सावरायला उपयोगी पडलं असावं, असं काही अभ्यासकांना वाटतं. तुम्हीही मुलीसाठी एक ठरलेली वेळ ठेवा, आणि ती सकाळचीच, डोकं ताजं असताना.

सांजसावली:
दोघींचेही मनापासून आभार. शाळेच्या आधी अर्धा तास मिळतो, उद्यापासून तो तिचा. पुढच्या महिन्यात न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे (मेंदूचा विचार-वागण्यावर होणारा परिणाम तपासणारे तज्ज्ञ) तपासणी आहे. मुलीला सोबत नेलं तर चालेल का?

रानजाई:
विचारून बघा, बहुतेक हो म्हणतील. तिच्यासाठी वेगळा वेळ हवाय हे आधीच कळवा. आणि थोडा वेळ तुम्ही बाहेर बसा. काही प्रश्न ती तुमच्यासमोर विचारणार नाही.