कीबोर्डची बटणं जोर दिल्याशिवाय लागत नाहीत, घरी उघडू का?

पांढरी_एक (इंदूर)
यामाहाचा पीएसआर-ई मालिकेतला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे. जूनपासून कव्हर घालून कपाटावर ठेवलेला होता. आता आकड्यांपैकी ३ आणि ६ अंगठ्याने रेटून दाबले तरच लागतात, स्टार्ट/स्टॉप अजिबात नाही. पट्ट्या सगळ्या नीट वाजतात. दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून पाहिला, फरक नाही. गणपतीत आरत्यांना लागणार, म्हणून दुकानात अडकवायचा नाहीये. मल्टिमीटर घरात आहे. उघडला तर कशाला जपायचं?

काळी_पाच
आधी दोन मिनिटांचं काम: कीबोर्ड बंद करा, सगळ्यात उजवीकडची पांढरी पट्टी दाबून ठेवा आणि तशीच चालू करा. या मालिकेतल्या बहुतेक मॉडेलांत याने सेटिंग मूळ स्थितीला येतं. साठवलेली रजिस्ट्रेशनं, म्हणजे तुम्ही जपून ठेवलेली आवाज-तालाची सेटिंगं, पुसली जातात, ती कागदावर उतरवून घ्या. खरं सांगायचं तर तुमच्याकडे याने काही होईलसं वाटत नाही. रेटल्यावर लागणारं बटण म्हणजे संपर्काचा दोष.

बटणं आतून ओळी आणि रकान्यांच्या जाळीत जोडलेली असतात. एखादी ओळ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात, मग ती पॅनलवर शेजारी असोत की नसोत. तसं असतं तर रिबन केबल (चपटी वायर) नाहीतर सर्किट बोर्डवरचा तुटलेला ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ, शोधावा लागला असता. दोन अर्धवट आणि एक पूर्ण मेलेलं, म्हणजे रबर.

कथील
बरोबर. दाबताना ‘टिक’ असा आवाज येत नसेल तर खाली रबराचीच पट्टी आहे. प्रत्येक बटणाखाली रबराची टोपी, तिच्या आत कार्बनची काळी टिकली. ती सर्किट बोर्डवरच्या कार्बनच्या दोन काळ्या पट्ट्यांना जोडते. दमट हवेत रबरातून सुटलेला तेलकट थर आणि धूळ मधे बसते.

अ‍ॅडॅप्टर आणि सेल काढा. पलंगावर जाड गोधडी टाकून कीबोर्ड पालथा घाला, व्हॉल्यूमच्या नॉबवर भार येऊ देऊ नका. खालचे स्क्रू पंचवीस-तीस तरी निघतील आणि सगळे एका लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर कीबोर्डचा आकार काढून ज्याचा त्या जागी टोचत जा. लांब स्क्रू आखूडच्या जागी घातला की प्लास्टिक फुटतं. झाकण झटक्याने उचलू नका, आत वायरी जोडलेल्या असू शकतात. फोटो काढल्याशिवाय एकही कनेक्टर सोडवायचा नाही.

बोर्ड सुटला की रबर अलगद उचला. भोकांत अडकलेली टोकं एकेक करून काढा, नाहीतर तुटतात. बोर्डवरच्या काळ्या पट्ट्या ९९% आयसोप्रोपिल अल्कोहोलने, इअरबड जेमतेम ओला करून, हलक्या हाताने पुसा. दवा बाजारात विचारा. ७०% वाल्यात बाकीचं पाणीच असतं. सॅनिटायझर, थिनर, पेट्रोल नको. पॉलिश पेपर तर मुळीच नको, तो कार्बनच खरवडून काढतो. रबराची टिकली कोऱ्या कागदावर दोन-तीनदा घासा, राखाडी रेघ उमटली की पुरे. दहा मिनिटं वाळू द्या.

पांढरी_एक
केलं. ३ आणि ६ आता बोट टेकताच लागतात. स्टार्ट/स्टॉप मात्र तसंच. बोर्ड अजून उघडाच आहे.

कथील
मग झाकण लावू नका. फक्त सेलवर चालू करा, एखादी स्टाइल (साथीचा ताल) निवडा, आणि स्टार्ट/स्टॉपच्या दोन काळ्या पट्ट्यांना सोललेल्या वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडा. वायर दुसरीकडे कुठेही टेकू देऊ नका. ताल सुरू झाला तर बोर्ड ठीक, टिकली संपली. नाही झाला तर त्या पट्ट्यांपासून निघालेला ट्रॅक कनेक्टरपर्यंत मीटरने तपासत जा.

टिकलीही मोजता येते. मीटरच्या दोन्ही पिना तिच्यावर २-३ मिलिमीटर अंतराने टेकवा. आधी शेजारच्या चालू बटणाची मोजा, मग हिची. चांगलीच्या कितीतरी पट आकडा आला, किंवा काहीच आलं नाही, तर उत्तर मिळालं.

पांढरी_एक
वायर लावताच ताल सुरू झाला. टिकलीवर मीटर काहीच दाखवत नाही, शेजारची १८० ओहम.

काळी_पाच
टीव्हीच्या रिमोटसाठी चिकटवायच्या कार्बनच्या टिकल्या येतात, जेल रोडवर चौकशी करा. जुन्या टिकलीपेक्षा मोठी घेऊ नका, टोपीच्या कडेला अडते आणि बटण दाबलेलंच राहतं. जाडीही बेताची हवी. घाई असेल तर एक युक्ती: रोज न लागणारं बटण, समजा डेमोचं, त्याची टिकली ब्लेडने उतरवून इथे सिलिकॉनच्या गोंदाने बसवा. गोंदाचा अगदी बारीक ठिपका, काळ्या बाजूला लागता कामा नये. रात्रभर सुकू द्या. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल चिकटवायचा सल्लाही कोणी देईल. चालते, पण ती बोर्डवरचा कार्बन घासते आणि मग बोर्डच बदलायची पाळी येते.

भट्टीवाला
ज्यांच्या कीबोर्डचं बटण ‘टिक’ वाजतं त्यांनी रबर शोधत बसू नये. तिथे चार पायांचा छोटा टॅक्ट स्विच असतो, बहुधा ६ गुणिले ६ मिलिमीटरचा. त्याच्यात स्प्रे मारला तर चार दिवस चालतो, मग परत तेच. बदललेलाच बरा. नवीन घेताना दांडीची उंची मोजून न्या, अर्धा मिलिमीटर जास्त झाला तर वरचं बटण अडकून बसतं.

कथील
आणि दादा, बंद करताना स्क्रू आधी उलटा फिरवा. ‘टक्’ करून जुन्या आट्यात बसला की मगच सुलटा आवळा. प्लास्टिकमध्ये दर वेळी नवा आटा पाडलात तर तिसऱ्या खेपेला स्क्रू नुसताच फिरत राहील.