केळहंतद सेतुवे, फरशी, मोरी, साकव: कुठला शब्द कुठं वापरायचा?

निपाणीकर
नमस्कार मंडळी. पावसाळ्यात तालुक्याकडनं कन्नडमधून सूचना येतात, त्या मी गावच्या ग्रुपवर मराठी करून टाकतो कारण जुन्या माणसांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही. त्यात दरवर्षी हमखास एक शब्द येतो, 'केळहंतद सेतुवे'. केळ म्हणजे खालचा, हंत म्हणजे टप्पा किंवा पातळी. आता 'खालच्या पातळीचे पूल पाण्याखाली' असं लिहावं तर वाचणारा विचारणार, का, पुलानं शिवीगाळ केली का काय! पेपरवाले 'कमी उंचीचे पूल' छापतात, ते बरोबर असेल पण गावात तसं कोण बोलत नाही. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड, ह्या सगळ्यांना आम्ही बंधाराच म्हणतो. 'बंधाऱ्यावर पाणी आलंय' म्हटलं की विषय संपला, माणूस गाडी वळवतो. मग लिहिताना पूल म्हणू का बंधारा? आणि फरशी नक्की कशाला म्हणायचं, मोरी कशाला?

तिलकवाडी
पूल लिहा आणि मोकळे व्हा की. वरनं माणूस जातो, खालनं पाणी जातं, म्हणजे पूल. एवढं काय त्यात.

साईटवाला
तिलकवाडीकर, खालनं पाणी जातं हेच तर नेहमी खरं नसतं ना. मी रस्त्याच्या कामावर आहे, मुकादमाच्या तोंडातले शब्द आणि ड्रॉइंगवरचे शब्द दोन्ही रोज ऐकतो म्हणून जरा लांबण लावतो.

कागदावर सगळा हिशेब लांबीचा असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या व्याख्येत एकूण लांबी ६ मीटरपर्यंत असली तर ती मोरी, ६ ते ६० मीटर म्हणजे लहान पूल, ६० च्या वर मोठा पूल. ड्रॉइंग मंजूर करायला, डिझाइन कुणी तपासायचं ते ठरवायला हे ठीक आहे. पण आपल्या लोकांनी नावं ठेवताना लांबी बघितलीच नाही, पाणी काय करतं ते बघितलं. मोरीत पाणी कायम खालनं जातं, पाइप असो, स्लॅब असो नाहीतर बॉक्स असो. फरशीवर पाणी वरनं जाणार हे बांधणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं, म्हणजे ओढ्याच्या तळाशीच दगड नाहीतर काँक्रीट घालून पक्कं केलेलं, उन्हाळ्यात कोरडं आणि पावसाळ्यात चार-सहा तास बंद. त्याच फरशीखाली पाइप घातले की झाला फरशी पूल, थोडं पाणी खालनं जाणार आणि जास्त आलं की वरनं. इंजिनिअर त्यालाच कॉजवे म्हणतात. आणि बंधारा म्हणजे पाणी अडवायला बांधलेला, वरनं जाता येतं ही सोय, मूळ काम नव्हे. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाळ्याआधी काढून ठेवतात, उन्हाळ्यासाठी परत घालतात, हे निपाणीकरांना मी काय सांगणार.

तुमचा केळहंतद सेतुवे म्हणजे आमच्या भाषेत बुडणारा पूल. त्याचं डिझाइनच वेगळं असतं. पूर अंगावरनं जाणार म्हणून स्लॅब शक्यतो सपाट ठेवायचा, पाण्यानं खालनं उचलून धरलं तर स्लॅब जागचा हलू नये म्हणून तो खांबांना जखडायचा, आणि कठडा एकतर नाहीच नाहीतर काढून ठेवता येणारा, कारण कठड्यात झाडंझुडपं अडकली की पाण्याला भिंतच मिळते आणि सगळा जोर पुलावर येतो. लोक विचारतात पुलाला कठडा का नाही, पैसे खाल्ले का. खाल्ले असतील हो, पण कठडा नसण्याचं कारण ते नव्हे!

खानापुरी
साकव राहिला की. आमच्या पश्चिमेकडच्या जंगलातल्या गावांना, गवाळी, कोंगळा, पास्टोली ह्या बाजूला, पावसाळ्याआधी लोक स्वतःच लाकडं बांधून नाल्यावर साकव घालतात. त्याच्यावरनं गाडी जात नाही, माणूस जातो, डोक्यावर ओझं घेतलेली बाई जाते, आजारी माणसाला खुर्चीत नाहीतर चादरीत घालून नेतात. म्हणजे साकव ह्या शब्दात पाण्यापेक्षा चालणारा माणूस जास्त आहे. कोकणात आता सिमेंटच्या पुलालाही साकव म्हणतात आणि सरकारी कामाच्या यादीत 'साकव बांधणे' असं लिहिलेलं असतं. आमच्याकडं मात्र सिमेंट लागलं की तो पूल झाला.

तिलकवाडी
बरं बाबा, मागं घेतो. पण मोरी लिहिली की शहरातली पोरं न्हाणीघर समजणार एवढं लक्षात ठेवा. आमच्या घरात मोरी म्हणजे भांडी घासायची जागा.

शब्दवेडी
तिलकवाडी काका, कन्नडमध्येही मोरीच आहे, गटार आणि रस्त्याखालची मोरी दोन्हीला. घाण पाणी वाहून जायची वाट हा मूळ अर्थ धरला तर न्हाणीघर आणि रस्ता दोन्हीकडं जुळतो. आपल्या भागात असे शब्द दोन्ही भाषांत सारखेच ये-जा करतात. डांबर, गटार, मुरूम म्हटलं की दोघांनाही कळतं. घोटाळा होतो तो सारखे दिसणारे पण अर्थ बदललेले शब्द आले की. रस्त्यावरचा बोर्ड बघा, 'कामगारी प्रगतियल्लिदे'. कन्नडमध्ये कामगारी म्हणजे बांधकामाचं काम. मराठी माणूस वाचतो 'कामगिरी प्रगतीत आहे' आणि समोर तीन महिने तोच खड्डा! एका सरकारी फलकाच्या मराठी भाषांतरात खरंच 'रस्त्याची कामगिरी' लिहिलेलं मी वाचलंय. कंत्राटदाराचं तसं नाही, कन्नड गुत्तिगेदार आणि आपला गुत्तेदार एकच. तो शब्द मराठवाड्यातही चालतो, त्यामुळं भाषांतरात गुत्तेदार ठेवला तरी कुणाला अडणार नाही.

निपाणीकर
वा. मग मी असं ठरवतो, जिथं फळ्या घालतात तिथं बंधारा, बाकी ठिकाणी 'बुडणारा पूल', आणि पुढं गावाची नावं. लांबी-बिंबी लिहायची नाही.

आता दुसरा शब्द. हायवेच्या सहापदरीच्या कामात 'भराव' शब्दावरनं आमच्याकडं रान पेटलंय. वेदगंगेकाठची गावं म्हणतात भराव नको, पिलरचा पूल द्या. एक पाहुणे म्हणाले, भराव म्हणजे मातीच ना, मातीला काय भ्यायचं. त्यांना समजावून सांगताना शब्दच सापडेना.

साईटवाला
पाहुण्यांना सांगा, भराव हा रस्त्यासाठी रस्ता आहे आणि नदीसाठी बांध. पूर म्हणजे नुसतं पात्रातलं पाणी नव्हे, शेतातनं मैलभर रुंदीनं सरकत जाणारं पाणी. त्याला आडवा दहा-पंधरा फूट उंच भराव घातला की सगळं पाणी पुलाच्या खांबांमधल्या गाळ्यांतनंच जायला बघतं. वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि गाळ्यात वेग वाढून खांबाखालची माती खरवडली जाते. म्हणून जुने लोक भरावात जागोजाग मोऱ्या ठेवायचे, त्यांना पूरमोरी म्हणतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ हायवे बंद पडला तेव्हा सगळ्यांनी पाण्याची उंची मोजली, पण पाणी ओसरायला किती वेळ लागला ते शेतकऱ्याला विचारा, ऊस त्यानं कुजतो. पिलरचा पूल महाग पडतो हे खरंच आहे, पण महाग कुणाला ते आधी ठरवा.

आणि हो, 'गाळा' शब्द जपून ठेवा. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. 'पाच गाळ्यांचा पूल' म्हटलं की ड्रॉइंग न बघता पूल डोळ्यापुढं येतो. नवीन पोरं सगळी स्पॅन म्हणतात, गाळा म्हटलं की त्यांना मार्केटमधलं दुकान आठवतं.

चंदगडी
माझीपण एक शंका. कन्नडमध्ये बोगद्याला सुरंग म्हणतात, हिंदीतही सुरंग. परवा कारवार बाजूला जाताना बिणग्याच्या बोगद्याआधी मुलानं 'सुरंग मार्ग' वाचलं आणि विचारलं, पप्पा, पुढं सुरुंग लावलाय का, थांबायचं का. मी म्हटलं नाही रे, बोगदा आहे. पण मग दोन शब्द सख्खे का सावत्र?

शब्दवेडी
सख्खेच. संस्कृतमध्ये सुरुङ्गा म्हणजे जमिनीखालनं खणलेली वाट, आणि तो शब्द ग्रीक 'सिरिंक्स'वरनं आला असं बरेच अभ्यासक मानतात. किल्ल्याच्या तटाखाली वाट खणायची आणि तिथं दारू भरून उडवायची, ह्यातनं मराठीत वाट मागं पडली आणि दारू तेवढी उरली. कन्नड-हिंदीत उलटं, वाट राहिली. त्यामुळं मराठीत बोगद्याला सुरंग लिहू नये असं माझं मत. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडात सिलक्यारा बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले होते तेव्हा आपल्या चॅनेलवाल्यांनी दिवसभर 'सुरंगमध्ये अडकलेले' चालवलं, कान किटले माझे.

साईटवाला
बरोबर, आणि बोगद्याच्या कामावर दोन्ही शब्द एकाच दिवशी लागतात, मग फरक ठेवायलाच हवा. डोंगराच्या तोंडावर ड्रिलनं भोकं पाडायची, सुरुंग भरायचे, उडवायचे, धूर जाऊ द्यायचा, सैल दगड पाडून घ्यायचे, राडारोडा बाहेर काढायचा, मग उघड्या खडकावर शॉटक्रीट, म्हणजे फवाऱ्यानं उडवलेलं काँक्रीट, मारायचं आणि रॉक बोल्ट, म्हणजे खडक धरून ठेवणाऱ्या लांब सळया, ठोकायचे. परत पुढच्या दोन-तीन मीटरला तेच. आता बऱ्याच ठिकाणी ही जी ऑस्ट्रियन पद्धत वापरतात, नाटम म्हणतात तिला, तिच्यात खडकालाच स्वतःचा भार घ्यायला लावतात आणि तो किती मिलिमीटर सरकतोय ते रोज मोजतात. सरकणं थांबलं की मग आतनं काँक्रीटचं अस्तर. अस्तर हा शब्द किती चपखल आहे बघा, तरी साईटवर सगळे लायनिंगच म्हणतात. आपल्या लोकांच्या ओळखीचा बोगदा म्हणजे खंबाटकीचा. पुण्याला जाताना बोगदा, येताना घाट असं वर्षानुवर्षं चालत आलं, त्यामुळं 'बोगदा लागला की पुणं आलं' म्हणायची सवय.

तिलकवाडी
आता माझा एक प्रश्न, टोमणा नव्हे. आमच्या ओळखीच्या एका जुन्या ओव्हरब्रिजचा कठडा माझ्या लहानपणी छातीला लागायचा, आता कमरेला लागतो. मी उंच झालो म्हणावं तर तो हिशेबही बसत नाही. ह्याला काय शब्द आहे?

साईटवाला
काका, शब्द आहे 'थर'. दर चार-पाच वर्षांनी जुनं डांबर न खरवडता वर नवीन थर टाकत गेलं की रस्ता वर येतो आणि कठडा बुटका होतो. नुसता कठडा नव्हे, तेवढ्या डांबराचं वजन पुलाच्या डोक्यावर कायमचं बसतं, जे डिझाइनमध्ये धरलेलं नसतं. पुलावर आधी मिलिंग करून जुनं काढायचं, मग नवीन टाकायचं, हा नियम आहे. त्यात कडेची पाणी जायची भोकं मातीनं बुजलेली असतात. मग पाणी पुलावर साठतं, दोन स्लॅबमधल्या सांध्यातनं खाली उतरतं आणि थेट बेअरिंगवर, म्हणजे खांबावर स्लॅब ज्याच्यावर टेकतो त्या टेकूवर, नाहीतर आतल्या सळईवर जातं. रबरी पट्टी फाटलेला सांधा गाडीत बसून 'धाड' वाजतो, तो आवाज म्हणजे खालच्या भागाची तब्येत बिघडायला लागली असं समजा.

पूल पडला की लोक सिमेंटला शिव्या देतात. पण महाडला २ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानीचा पूल रात्रीच्या पुरात वाहून गेला आणि ७ ऑगस्ट २०२४ ला कारवारला काळी नदीवरचा जुना पूल मध्यरात्री ट्रकसकट खाली गेला. दोन्ही वर्षानुवर्षं रहदारीत होते. तपासणी म्हणजे वरनं गाडीतनं बघणं नव्हे, होडीनं नाहीतर शिडीनं खाली जाऊन बेअरिंग, खांब आणि पाण्याखालचा पाया बघणं.

निपाणीकर
बेअरिंगला मराठीत काय म्हणू? सूचनेत लागत नाही, पण विचारून ठेवतो.

साईटवाला
बेअरिंगच म्हणा. जॅक लावून गाळ्यावरचा आख्खा स्लॅब इंचभर उचलून बेअरिंग बदलताना मी शेजारी उभा होतो, तिथं मराठी, कानडी, बिहारी सगळी माणसं होती आणि सगळे बेअरिंगच म्हणत होते.