मॅनिफोल्डचे दोन स्टड तुटलेत, हेड न उतरवता निघतील का? (बजेट ३,५००)

केळीगाडी_रावेर
पिकअप, चार सिलिंडर टर्बो डिझेल. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या हेडमधून धूर बाहेर नेणारा, तो हेडवर स्टडनी (दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळ्यांनी) आवळलेला असतो. सकाळी गार इंजिनला टिक-टिक आवाज, इंजिन तापलं की जवळपास बंद. मॅनिफोल्डच्या मागच्या टोकाला, फायरवॉलकडे, हेडवर काजळी धरलीय. पाहिलं तर शेवटचे दोन्ही स्टड नटासकट गायब. वरचा साधारण ६ मिमी बाहेर आहे, खालचा हेडच्या पातळीतच तुटलाय. स्टड एम८ (८ मिमी जाडीचे), पिच (आट्यांमधलं अंतर) १.२५. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, चुंबक चिकटत नाही.
इथला मिस्त्री म्हणतो हेड उतरवू, २२,००० लागतील. माझं बजेट ३,५००. जागेवरच काढायचे तर काय घ्यावं: डावे (उलट्या फेऱ्याने कापणारे) ड्रिल बिट, ईझी-आउट (तुटक्या स्टडला भोक पाडून त्यात ठोकून उलटा फिरवायचा तो), की सरळ वेल्डिंगवाला बोलवावा? केळीचा माल चालू आहे, गाडी दोन दिवसांच्या वर उभी ठेवता येत नाही.

पाना_१३
ईझी-आउट घेऊच नका. जो स्टड पान्याला दाद न देता तुटला, तो ३ मिमीच्या भोकात ठोकलेल्या ठिसूळ खिळ्याला काय दाद देणार? ईझी-आउट आत तुटला की साधा एचएसएस बिट त्यावर नुसता घसरतो. मग कार्बाइड बिट शोधा, नाहीतर हेड उतरवून स्पार्क इरोजनवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणाऱ्याकडे) न्या. तेव्हा २२,००० स्वस्त वाटतील.
तुटक्या स्टडवर नट वेल्ड करा आणि फिरवा. एवढंच.

तापीकाठ
इंडक्शन हीटर घ्या, हातात धरायचा येतो तो. स्टडभोवती कॉइल, वीस सेकंदांत लाल. ज्वाळा नाही, काही नाही. माझ्याकडे आहे, पैसे वसूल.

पाना_१३
त्यांचं बजेट ३,५०० आहे हो. आणि पातळीत तुटलेल्या स्टडभोवती कॉइल घालणार कुठे?

तापीकाठ
बजेट काय, वाढतं. वस्तू आयुष्यभर राहते.

सातपुडा_डिझेल
नट वेल्डच करा, पण "एवढंच" नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, अल्टरनेटरची तार आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कपलर सोडवा. अर्थचा चिमटा चेसिसला नको, हेडलाच, स्टडच्या शक्य तितक्या जवळ लावा. टर्बोची ऑइल नळी आणि डिझेलच्या रबरी नळ्या ओल्या गोणपाटाने झाका.
६ मिमीवाल्यावर एम८ चा नट चढवण्यापेक्षा एम१० चा ठेवा. नटाचं भोक मोठं असलं की मिगची (रॉडऐवजी तारेने वेल्ड करणाऱ्या मशीनची) तार तळापर्यंत पोचते आणि स्टडचं डोकं खालपासून भरून येतं. अरुंद भोकात वेल्ड वरच्या वर चिकटतो, पाना लावला की टोपीसारखा निघून हातात येतो. पातळीत तुटलेल्यावर आधी वॉशर ठेवून त्याच्या भोकातून थेंब थेंब वेल्ड वर आणा, मग वॉशरवर नट. अ‍ॅल्युमिनियम पोलादी वेल्ड धरत नाही, त्यामुळे हेडला चिकटण्याची भीती नाही.
लाली गेल्याशिवाय पाना लावू नका. गरम असतानाच मेणबत्ती मुळाशी टेकवा, वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. मग पहिला झटका आवळायच्या बाजूने, नंतर सोडायच्या, पाव-पाव फेरा पुढे-मागे. जड लागलं की परत फिरवा. पहिला वेल्ड तुटला तरी दुसरा मारा, दर वेळच्या तापण्याने गंज थोडा सुटतोच.

काय_भो_जळगाव
आपल्याकडच्या उन्हाने तुटतात हे. मे महिन्यात ४५ च्या वर पारा, लोखंड काय करेल भो.

सातपुडा_डिझेल
उन्हाचा काय संबंध? भरल्या गाडीने बिजासन घाट चढताना मॅनिफोल्ड ५०० अंशांपर्यंत तापतो, त्याला तुमचे ४५ काय. अर्धा मीटर लांब बीडाचा मॅनिफोल्ड तेवढा तापला की अडीच मिमीच्या आसपास लांबतो. हेड पाण्याने ९० वर धरलेलं असतं, ते पाऊण मिमीच्या आसपासच लांबतं. उरलेला फरक दोन्ही टोकांना वाटला जातो, म्हणून तुटतात ते बहुतेक टोकाचे स्टड, मधले क्वचितच. घाट उतरून लगेच वॉशिंगला गाडी लावतात, तप्त मॅनिफोल्डवर गार पाण्याचा फवारा. तुटण्याचं कारण विचारायचं तर ते विचारा.

काय_भो_जळगाव
पण थंडीत कमी तुटतात हे बघितलेलं आहे.

लेथवाला_भुसावळ
पातळीतला वेल्डने नाहीच निघाला तर ड्रिलच, पण हाताने नको. स्टड कडक, भोवतीचं अ‍ॅल्युमिनियम मऊ. बिट मऊ बाजूला पळतो आणि भोक वाकडं जातं. मॅनिफोल्डलाच गाइड करा. त्याच्या भोकात घट्ट बसेल असा बुश लेथवर बनवून घ्या, आत ३ मिमी भोक. दुसरा बुश ५ मिमीचा. मॅनिफोल्ड बाकीच्या स्टडवर बसवून बुशमधून ड्रिल केलं की मध्य चुकत नाही. डावे बिट इथे कामाचे: उलट्या फेऱ्याने कापताना बऱ्याचदा ५ मिमीवर असतानाच तुकडा आपोआप बाहेर येतो. नाही आला तर ६.८ पर्यंत जा, हेडच्या आट्यांत उरलेली स्टडची पातळ सळ टोच्याने काढा, एम८ चा टॅप फिरवा. आटे गेले असतील तर ८.३ ड्रिल, हेलिकॉइलचा खास टॅप, मग हेलिकॉइल (नव्या आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी). बिटाला डेप्थसाठी चिकटपट्टी गुंडाळा, काही हेडांत स्टडच्या भोकापलीकडे थेट पाण्याची वाट असते.
फायरवॉलकडे साधं ड्रिल मशीन सरळ बसणार नाही, अँगल ड्रिल भाड्याने बघा. दोन बुश, डावे बिट आणि भाडं धरून बजेटात बसतं.

पाना_१३
म्हणजे नट वेल्डच आधी. तेच सांगत होतो.

भरीत_भाकरी
सगळे स्टेनलेसचे टाका, विषय संपला. गंजायचं नावच नाही.

लेथवाला_भुसावळ
संपत नाही, सुरू होतो. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या स्टडवर तापून चिकटला की आटे एकमेकांना खातात, पुढच्या वेळी परत तुटणार. उष्णता सोसणारे पोलादी स्टड आणि तांब्याचा मुलामा असलेले लॉक नट घ्या. हेडकडच्या आट्यांना निकेलची अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावा, साधं ग्रीस जळून कोळसा होतं. अँटी-सीझ लावल्यावर टॉर्क (आवळायचा जोर) पाचव्या हिश्शाने कमी धरा. एम८ ला बहुधा २० ते २५ न्यूटन-मीटर असतो, आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. मधून सुरू करून टोकांकडे आवळा, दोन टप्प्यांत.

भरीत_भाकरी
माझ्या गाडीत स्टेनलेसच आहेत, मस्त चालू आहे.

लेथवाला_भुसावळ
काढायची वेळ येऊ द्या.

अमळनेर_टर्बो
तीन गोष्टी कुणीच विचारल्या नाहीत. मॅनिफोल्डच्या तोंडावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. फट मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर असेल तर फेसिंग करून (तोंड मशीनवर सपाट करून) घ्या, नाहीतर नवं पॅकिंगही तिथेच फुटेल. टर्बोखालचा किंवा सायलेन्सर पाइपचा आधाराचा ब्रॅकेट जागेवर आहे का बघा. अनेक मिस्त्री तो काढतात आणि परत लावत नाहीत, मग सगळं वजन मागच्या स्टडवर लटकतं.
आणि पाणी कमी होतंय का? इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढून चालू करा, फुगे येत राहिले तर प्रश्न स्टडचा नाही, हेडच्या पॅकिंगचा आहे. नसतील तर हेडला हात लावू देऊ नका.

काय_भो_जळगाव
एवढी कसाले घाई करी राह्यना भाऊ? केळी संपू दे, मग कर. टिक-टिकने गाडी बंद पडत नाही.

अमळनेर_टर्बो
बंद पडत नाही, पण धूर केबिनमध्ये येतो आणि फटीतून निघणारा गरम झोत शेजारचं वायरिंग जाळतो. त्याच फटीवर हेडचं अ‍ॅल्युमिनियम खात जातं. पॅकिंगचं काम पुढे वेल्ड भरून फेसिंगवर जाईल.

केळीगाडी_रावेर
सगळ्यांचे आभार. फुगे बघितले, नाहीत. ब्रॅकेट खरंच नाही, नुसती दोन भोकं आहेत. वेल्डिंगवाला आला, मशीन बघून गेला: त्याच्याकडे आर्क आहे, मिग नाही, आणि फायरवॉलमुळे रॉड सरळ जात नाही म्हणाला.
हेड उतरवायला दिलं. व्हॉल्व्हसीलचं काम तसंही करायचंच होतं, एकदाच होईल.

पाना_१३
मग ३,५०० लिहिलं कशाला?

लेथवाला_भुसावळ
फुगे नसताना हेड उतरवलं, तुमची मर्जी. आता तरी दोनच नको, सगळेच स्टड बदला आणि ब्रॅकेट बनवून लावा. हेडचे बोल्ट नवे घ्या, ते ताणून बसणारे असतील तर दुसऱ्यांदा चालत नाहीत. जुन्या हेड पॅकिंगच्या कानावर किती खाचा आहेत ते मोजून ठेवा. डिझेलला जाडीप्रमाणे वेगवेगळी पॅकिंग येतात, पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो त्यावरून ठरतं. मिस्त्री मिळेल ते बसवेल, कॉम्प्रेशन बिघडेल आणि दोष स्टडला जाईल.

भरीत_भाकरी
तापीकाठ, तो इंडक्शन हीटर किती वॅटचा आहे?