शाळेच्या आवारातली पानं तोडली तर निसर्गसंहार?

उंबरफळ (धागाकर्ता):

काल आमच्या पालकगटावर एक पोस्ट फिरत होती. शाळेने सातवीच्या पोरांना आवारातली दहा पानं, पाच फुलं आणि पाच किडे गोळा करून, गट पाडून, वहीत चिकटवून आणायला सांगितलंय. पोस्टकर्तीच्या मते हे 'बालवयातच हत्येचे संस्कार' आहेत. त्याऐवजी मोबाईलवर फोटो काढावा, ॲप नाव सांगतं, ते लिहावं. खाली ४३ अंगठे.

गटावर भांडायची सोय नाही, म्हणून इथे लिहितोय. ॲपने नाव सांगितलं की पोरगं बघायचं थांबतं. तुळशीचं खोड दोन बोटांत धरून फिरवा, चौकोनी लागतं. सब्जाचंही तसंच, पुदिन्याचंही. तिघं एका कुळातली, हे मला आठवीत बोटांना कळलं होतं. फोटोत कळेल? आमचे सर पानांचा ढीग वर्गात ओतायचे आणि म्हणायचे, गट पाडा, कसे ते तुमचं तुम्ही ठरवा. कोणी लांबीवर पाडले, कोणी वासावर, एकाने चीक येतो की नाही त्यावर. मग तासभर हाणामारी. वर्गीकरण म्हणजे ती हाणामारी. जाळीदार आणि समांतर शिराविन्यास पाठ करणं नव्हे.

आणि पक्षीतज्ज्ञ सालिम अली विसरू नका. एअरगनने चिमणी पाडली, गळा पिवळा दिसला, म्हणून पोरगं बीएनएचएसमध्ये (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) चौकशीला गेलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

पाणकावळा:

आली का चिमणी? अजून कशी नाही म्हणून वाटच बघत होते. उंबरफळ, त्या काळी चिमण्या मारणाऱ्या बाकीच्या हजारो पोरांचं काय झालं? त्यांनी चिमण्या खाल्ल्या.

आता हिशोब करा. वर्गात ६० मुलं, प्रत्येकी ५ किडे, म्हणजे ३००. तीन तुकड्या, ९००. एका शाळेच्या आवारात, एका आठवड्यात.

मी पाचवीत मिठाईच्या खोक्यात फुलपाखरं टाचली होती. डांबराच्या गोळ्या घालायला विसरले. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुंग्या लागल्या, सकाळी नुसते पंख. तरी दुसरा नंबर आला, कारण पहिल्या नंबरवाल्याच्या वडिलांनी खोकं विकत आणलं होतं. त्यातून मी काय शिकले? टाचणी कुठे खुपसायची ते.

आणि कायदा? प्लेन टायगर या साध्या फुलपाखरासारखी हुबेहूब दिसणारी डॅनेड एगफ्लाय फुलपाखराची मादी १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत होती. २०२२च्या दुरुस्तीत याद्या बदलल्या हे माहीत आहे, ते सांगायला येऊ नका. मुद्दा हा की सातवीच्या पोराने टाचणी हातात घेऊन कसं ओळखायचं?

सिमेंटी:

तुमचं चालू द्या. पण किडे आहेत कुठे? आमच्या शाळेच्या मैदानात कुंपणाला टाकळा, आघाडा, एकदांडी, माका असं सगळं असायचं. मृगाचा पहिला पाऊस झाला की लाल मखमली किडे निघायचे, आम्ही काडेपेटीत भरून वर्गात न्यायचो. आता गेटपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक. वर देणगीदाराचं नाव. नऊशे किडे मारायला आधी नऊशे किडे लागतात ताई.

उंबरफळ:

+१. आणि त्या मृगाच्या किड्याला आठ पाय असतात. तो कीटक नाहीच, कोळ्याच्या गोत्रातला. काडेपेटीत धरला म्हणून मोजता आले.

साताऱ्याच्या_बाई:

त्याच्या पिल्लाला सहाच असतात. तेवढंही लिहा.

मी नववीला जीवशास्त्र शिकवते. वर्गात ६२ मुलं, तास ३५ मिनिटांचा, त्यातली दहा रांग लावण्यात जातात. शाळेत मोबाईलला बंदी, त्यामुळे ॲपवाल्यांनी आधी मुख्याध्यापकांशी बोलून घ्यावं. आणि गोळा करा म्हणणाऱ्यांसाठी: गेल्या वर्षी एकाने कुंपणापलीकडची खाजकुहिलीची शेंग खिशात घालून आणली. त्या दिवशी वर्गीकरण झालं ते खाजवणारे आणि न खाजवणारे असं. एका मुलीला गाजरगवताने पुरळ आलं, तिचे वडील मला विचारायला आले की 'हे अभ्यासक्रमात आहे का?'

दगडूशेट_नव्हे:

अवांतर: मुलांनी पानं तोडली तर संहार, आणि दसऱ्याला तुम्ही काय करता? गेल्या वर्षी आमच्या शाळेसमोरचा कांचन लोकांनी सकाळी सातपर्यंत बोडका केला. आपटा म्हणून! वीस रुपयांना जुडी विकत होते.

पाणकावळा:

त्याचाही निषेध. पण कांचन की आपटा, काय फरक पडतो? झाड ते झाड.

दगडूशेट_नव्हे:

काय फरक पडतो? ताई, तुम्ही निसर्गप्रेमी ना? आपट्याचं पान लहान, चामड्यासारखं, लांबीपेक्षा रुंदी जास्त, खालून लवदार. कांचनाचं मोठं, पातळ, मऊ. माझा आजा आपट्याच्या पानाच्या बिड्या वळायचा. कांचनाची वळून दाखवा.

पाणकावळा:

मला फरक माहीत आहे. मी म्हणतेय की तोडण्याच्या दृष्टीने फरक नाही. वाचायला शिका आधी.

कोकणी_मिरी:

दोघंही आपापल्या जागी बरोबर. आमच्याकडे भटजींनीच कांचन दिला होता, 'भावना महत्त्वाची' म्हणाले.

दगडूशेट_नव्हे:

भावना महत्त्वाची असेल तर वडाचं पान द्या, मोठं सोनं होईल.

उंबरफळ:

लोकहो, माझा धागा आहे हा. पण बघा, माझाच मुद्दा सिद्ध होतोय. शाळेत दोन्ही पानं शेजारी ठेवून कोणी हाताळली असती, तर निम्मं गाव कांचन लुटत फिरलं नसतं.

पाणकावळा:

काहीही! गावाला फरक कळला असता तर आपटा बोडका झाला असता, एवढंच. आणि तो कांचनापेक्षा शोधायला अवघड.

एक सांगते. मी एका शाळेत मुलांना कुंपणाबाहेरच्या रुईच्या झाडाशी बसवलं. प्लेन टायगरची अंडी, मग काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी, मग कोष. साधारण तीन आठवडे, रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं. एका मुलाने अळी रोज पट्टीने मोजून वहीत लिहिली. काहीही तोडलं नाही. पानाला हात लावला तर चीक लागतो, त्यामुळे लावायची हौसही फिटली. ते पोरगं तुमच्या टाचणीवाल्यांपेक्षा जास्त शिकलं.

सिमेंटी:

ती रुई अजून आहे का?

पाणकावळा:

नाही. स्वच्छता अभियानात काढली.

सिमेंटी:

मी काय म्हणत होतो!

उंबरफळ:

ठीक. किडे सोडले. अळीवालं ऐकून जरा लाज वाटली, असं समजा. डबीत पकडा, भिंगाखाली पाय मोजा, संध्याकाळी सोडा. पण पानं सोडणार नाही.

पाणकावळा:

उपकार झाले. मग गळलेली पानं घ्या.

उंबरफळ:

गळलेल्या पानावरून ती फांदीवर समोरासमोर होती की एकाआड एक, ते कसं कळणार? ओळखण्याची मोठी खूण ती.

पाणकावळा:

फांदीखाली उभं राहून, मान वर करून. झाडं त्यासाठीच वर असतात.

कोकणी_मिरी:

माझी मुलगी सहावीत आहे. तिचा असाच प्रकल्प मीच रात्री बारापर्यंत चिकटवला. ती झोपली होती. मला आता सगळी पानं ओळखता येतात. हलके घ्या.

साताऱ्याच्या_बाई:

हेच लिहिणार होते. माझ्याकडे आलेल्या ६२ वह्यांपैकी चाळीसेक आयांच्या अक्षरात होत्या. म्हणून मी घरी काहीच देत नाही. परवा तास आहे. प्रत्येकाने कुंपणाजवळून दोन पानं आणायची, वर्गातच गट पाडायचे, वर्गातच वही गोळा. किडे नाहीत. खाजकुहिलीचं चित्र फळ्यावर आधीच काढणार आहे.

पाणकावळा:

६२ गुणिले २, म्हणजे १२४ पानं. सगळ्यांनी एकाच झाडाची तोडू नयेत, तेवढं तरी सांगा बाई.