‘मला बेजार होऊलालंय’: हा बेजार नक्की कुठला?

लोंढापॅसेंजर:
माझं माहेर सातारा, सासर बेळगाव. सीमाभागातल्या तालुक्यांत मानसिक आरोग्याच्या टीमबरोबर फिरते. काम समाजकार्यकर्तीचं. (समाजसेविका म्हणू नका, पगार मिळतो.)

पावसाळ्याच्या तोंडाला एक बाई आल्या. चाळिशीच्या, मालक गोव्याला कामाला. बाकावर बसल्याच नाहीत, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. केसपेपरच्या चार घड्या करून मुठीत धरलेला, घामानं ओला झालेला. काय होतंय विचारलं तर म्हणाल्या, “काय न्हाई ओ म्याडम, नुसतं बेजार होऊलालंय. चूल पेटवायचंबी बेजार.” मी लिहिलं: थकवा, अशक्तपणा. रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या, बाई गेल्या.

नवरात्रात परत आल्या तेव्हा ब्लाऊज खांद्यावरनं उतरत होता, इतक्या वाळलेल्या. डॉक्टर नवे होते, दक्षिण कर्नाटकातल्या मंड्याकडचे. त्यांना मराठी ओ की ठो कळत नाही. पण बाईंच्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द त्यांनी उचलला, “बेजारा? एष्टु दिनदिंद?” किती दिवसांपासून? बाईंना कन्नड कळतं. त्या रडायलाच लागल्या.

बाईंची भाषा मराठी, माझी मराठी, आणि शब्द कळला मंड्याच्या माणसाला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. हा बेजार आपलाच बेजार आहे का?

निपाणीकर:
मूळ एकच, फारसी बेज़ार: विटलेला, कंटाळलेला. काही लोक ‘बे + आजार’ असा विग्रह करतात, तो चुकीचा. तसा असता तर बेजार म्हणजे ठणठणीत माणूस झाला असता! आजार हाही फारसीच, पण वेगळा शब्द. त्याचा मूळ अर्थ त्रास, छळ.

गंमत पुढं आहे. मराठीत बेजार हे विशेषण. ‘मी दातदुखीनं बेजार झालो’, ‘पोरांनी बेजार केलं’. माणूस बेजार होतो, आणि बेजार करणारं काहीतरी बाहेर असतं. कन्नडमध्ये ‘बेजारु’ हे नाम झालं. ‘ननगे बेजारागिदे’, म्हणजे मला बेजार झालंय. कंटाळा, वाईट वाटणं, मन न लागणं, सगळं त्यात आलं, आणि कारण सांगावं लागत नाही. सीमेवरच्या मराठीनं शब्द आपला ठेवला आणि विभक्ती कन्नडची घेतली. म्हणून सोपी खूण: ‘मी बेजार’ म्हटलं तर कशानं ते विचारा, ‘मला बेजार’ म्हटलं तर कधीपासून ते विचारा. तुमच्या डॉक्टरनं तेच केलं.

कन्नडमध्ये ‘बेसर’ म्हणून निराळा शब्दही आहे. धारवाड-बेळगावकडं त्याचं ब्यासर, ब्यासरकी होतं. कानाला दोन्ही जवळजवळ सारखेच लागतात, त्यामुळं इकडं अर्थ आणखी मिसळले असावेत.

सदाशिव:
माहिती रंजक. तरीही ‘मला बेजार होतंय’ ही रचना अशुद्धच. ‘नैराश्य’ हा सुंदर शब्द असताना नोंदीत बोलीभाषा कशाला?

शहापूरची सून:
काका, आमच्या मामंजींना कुणीतरी सांगितलं की शेजारच्या सुनेला नैराश्य आलंय. ते म्हणाले, “कुठल्या परीक्षेत नापास झाली?” नैराश्य म्हणजे आशा मोडणं, त्याला आधी काहीतरी आशा असावी लागते. या बाईंनी कसली आशा केली होती?

शुद्ध शब्दांनी इकडं जास्त घोळ होतात. दवाखान्यातल्या कन्नड पोस्टरवर डिप्रेशनला ‘खिन्नते’ असतं. मराठी माणूस अक्षरं लावून वाचतो आणि म्हणतो, खिन्न तर मी मॅच हरली तरी होतो, त्याला गोळ्या कशाला? अँग्झायटीला कन्नडमध्ये ‘आतंक’. मूळ संस्कृतात भीती, धास्ती हा अर्थ आहे, त्यांनी तो धरून ठेवला. आपल्याला मात्र हिंदी बातम्यांमुळं आतंक म्हटलं की बंदुका आठवतात. आणि ‘अनुमान’! आपल्याकडं तर्कशास्त्रातला शब्द, कन्नडमध्ये संशय. कन्नड नोंद बघून कुणीतरी मराठीत केलेला एक कागद मी पाहिलाय: “पतीस पत्नीविषयी अनुमान आहे.” वाचून वाटावं, नवरा न्यायशास्त्र शिकतोय.

निपाणीकर:
😀 त्यात ‘धारवाड’ही घाला. वेड्यांचा दवाखाना म्हटलं की पुण्याकडं येरवडा, कोकणात रत्नागिरी, तसं आमच्याकडं धारवाड. “ह्याला धारवाडला न्यायला पायजे” म्हटलं की कुणी पेढे आणायला निघालाय असं समजत नाही. आमच्या शेजारणीचा मुलगा तिथल्या विद्यापीठात शिकतो. ती कुठं शिकतो ते न सांगता “हुबळीच्या अलीकडं” म्हणते.

लोंढापॅसेंजर:
अगदी. धारवाडची चिठ्ठी दिली की निम्मी माणसं जातच नाहीत. “तालुक्याला साहेब येत्यात तवाच दावतो” म्हणतात. मीही आता गावाचं नाव न घेता “मोठ्या दवाखान्यात” म्हणते. बरोबर की चूक, माहीत नाही.

सदाशिवकाका, नोंदीबद्दल. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात संमतीची व्याख्याच अशी आहे की माहिती त्या व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि अशा रीतीनं दिलेली हवी. समजेल अशी भाषा म्हणजे नुसती ‘मराठी’ नव्हे, एवढं या बेजारनं शिकवलं. आम्ही वापरतो त्या प्रश्नावलीत ‘गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास, निराश वाटलं?’ असं विचारायचं असतं. उदास म्हटलं की बाया “न्हाई” म्हणतात. उदास व्हायला त्यांना सवड कुठली! “बेजार किती दिस झालं?” म्हटलं की बोटं मोजायला लागतात.

सदाशिव:
मग 14416 या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनवर मराठी निवडली, आणि पलीकडचा माणूस माझ्यासारखा निघाला तर?

शहापूरची सून:
तर तुमच्यासारखंच इथं येऊन भांडत बसेल, आणि शिकेल.

लोंढापॅसेंजर:
😀 त्या बाईंचं सांगायचं राहिलं. औषधं चालू आहेत. मी आता केसपेपरवर त्यांचं वाक्य जसंच्या तसं अवतरणात लिहिते आणि खाली कन्नडमध्ये ‘बेजारु’. परवा आल्या तेव्हा बाकावर बसल्या. विचारलं, बेजार कसं आहे? म्हणाल्या, “हाय की. पर चूल पेटवूलालोय.”

निपाणीकर, आता ‘हाय की’चा अर्थ तेवढा सांगा. त्यात बरं वाटतंय धरायचं की नाही?